उजेड कुठे थांबतो? जुन्या गाडीतल्या प्रोजेक्टर हेडलाइटचा आढावा

दहा-पंधरा वर्षांची स्विफ्ट, सँट्रो किंवा इंडिका घेऊन रात्री घाट उतरणाऱ्यांची तक्रार सहसा एकच असते. आपल्या दिव्यांचा उजेड कुठे पडतो ते कळत नाही आणि समोरून येणाऱ्याचा मात्र थेट डोळ्यांत घुसतो. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ओल्या डांबरावर पडलेला बराचसा उजेड आपल्याकडे परत न येता पुढेच निघून जातो आणि रस्ता काळाच्या काळा राहतो. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या गावातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानापर्यंत सगळीकडे एकच शब्द कानावर पडतो : प्रोजेक्टर. कोणी तो तयार असेंब्लीच्या रूपात विकतो, कोणी जुनी हेडलाइट उघडून आत भिंग बसवून देतो. हाताला कामाची सवय असलेले काही हौशी लोक हेच काम सुट्टीच्या दिवशी घरच्या पार्किंगमध्ये करतात.

हा उद्योग करावा का, या प्रश्नाला प्रकाशशास्त्र एक उत्तर देते, कारागिरी दुसरे आणि कायदा तिसरे. तिन्ही शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दिव्याची पारख उजेड किती पडतो यावर करून भागत नाही, तो कुठे थांबतो हेही पाहावे लागते.

वाटीपासून भिंगापर्यंत

अमेरिकेने १९४० साली सात इंची गोल सीलबंद दिवा प्रमाण ठरवला. पुढे तोच गोल आकार जगभर पसरला आणि आपल्याकडे अँबॅसडर, पद्मिनी आणि जीपच्या तोंडावर दशकानुदशके टिकला. युरोपात १९५७ साली डिपरचा उजेड असमान करण्याची पद्धत रूढ झाली : समोरच्या वाहनाच्या बाजूला खाली, आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर. १९७१मध्ये एच-४ बल्ब आला आणि भारतातल्या बहुतेक जुन्या गाड्या आजही त्याच्यावरच चालतात. एका काचेत दोन तारा, अपरला ६० वॅट आणि डिपरला ५५. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांकडे जाणारी किरणे मुळातच तयार होत नाहीत. उरलेला आकार काचेवरच्या धाऱ्या देत. पुढे साधी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची काच आली आणि ते काम रिफ्लेक्टरच्या पैलूंकडे गेले. दोन्ही रचनांत तारेची जागा मिलिमीटरच्या अंशानेही चुकलेली चालत नाही.

प्रोजेक्टरची तऱ्हा वेगळी. १९८६च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये तो मोटारीत आला. त्याचा रिफ्लेक्टर लंबवर्तुळी असतो आणि अशा आकाराला दोन नाभी असतात. पहिल्या नाभीवर दिवा ठेवला की सगळा उजेड दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. तिथे एक पत्रा उभा असतो आणि पत्र्याच्या पुढे जाड भिंग. भिंग त्या पत्र्याच्या कडेचे उलटे चित्र रस्त्यावर टाकते, म्हणून खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. या रेघेला कट-ऑफ म्हणतात. डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या आपल्यासारख्या देशांत ती डावीकडे वर चढते, म्हणजे कडेचे पादचारी, सायकलवाले आणि मैलाचे दगड दिसतात.

१९९१मध्ये पुन्हा सेव्हन सिरीजमध्येच तारेऐवजी विजेच्या ज्योतीवर चालणारा झेनॉनचा दिवा आला. १९९९च्या सुमारास एकाच भिंगातून अपर आणि डिपर देणारा बाय-झेनॉन आला, त्यात विजेच्या छोट्या चुंबकाने पत्रा खाली पडतो. २००७च्या लेक्ससमध्ये डिपरला एलईडी लागले. भारतात २०१४च्या स्कॉर्पिओ आणि टाटा झेस्टसारख्या गाड्यांनी प्रोजेक्टर मध्यमवर्गीयांपर्यंत आणला आणि २०१८च्या स्विफ्टमध्ये एलईडी प्रोजेक्टर आले. जुन्या स्विफ्टच्या मालकाला आपल्याही गाडीत ते हवेसे वाटले, यात नवल नाही.

आकडेही मोह पाडणारे आहेत. एच-४च्या डिपरची तार सुमारे १००० ल्युमेन देते, तर कारखान्यातून येणारा ३५ वॅटचा डी२एस झेनॉन सुमारे ३२००. वीज कमी, उजेड तिप्पट. मात्र पत्रा बराच उजेड अडवून वाया घालवतो, त्यामुळे साध्या हॅलोजनवर चालणारा स्वस्त प्रोजेक्टर चांगल्या रिफ्लेक्टरपेक्षा मंदही असू शकतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०१६मध्ये ३१ मध्यम गाड्यांचे दिवे रस्त्यावर मोजले. चांगली श्रेणी फक्त टोयोटा प्रियस व्ही या एका गाडीला मिळाली आणि काही महागड्या गाड्या सर्वांत खालच्या श्रेणीत गेल्या. भिंग आहे की नाही आणि दिवा कोणत्या जातीचा, एवढ्यावरून दिव्याची पारख होत नाही.

दुकानात काय काय मिळते

सर्वांत जुना उपाय म्हणजे १००/९० वॅटचा बल्ब. ६०/५५च्या जोडीला अपरवर साधारण १० अँपिअर वीज लागते, १००/९०च्या जोडीला १६हून जास्त. जुन्या गाडीत ही वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जाते. स्विच तापतो, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जळते. उजेड वाढतो तो थोडे दिवस.

दुसरा उपाय एच-४च्या जागी झेनॉनचा किट. कारखान्यातल्या झेनॉन दिव्यासाठी रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर मुद्दाम आखलेला असतो. किटमधली ज्योत मात्र तारेपेक्षा वेगळ्या आकाराची असते आणि तारेच्या नेमक्या जागी बसत नाही. फुटक्या बांधाच्या पाटात पाणी वाढवले तर आपले पीक भिजत नाही, शेजाऱ्याच्या वावरात तळे साचते. तसाच हा प्रकार. गाडीजवळचा रस्ता लख्ख होतो, मालक खूश होतो आणि समोरच्याला काही दिसेनासे होते. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे उलट कमी दिसते, हा तोटा मालकाच्या लक्षातही येत नाही.

एलईडी बल्बचे थोडे वेगळे आहे. चांगल्या बनावटीत एलईडीच्या चिपा तारेच्या जागेशी जुळवलेल्या असतात. जर्मनीने २०२०मध्ये ओसरामच्या आणि त्यानंतर फिलिप्सच्या अशा बल्बना रस्त्यावर वापरायची परवानगी दिली, पण ती ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरतीच, एकेक तपासून. बल्ब एकच असला तरी एका रिफ्लेक्टरमध्ये तो नीट चालतो आणि दुसऱ्यात चकाकी फेकतो, एवढे त्यातून कळते. आपल्या बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे छापलेल्या खोक्याकडे त्या नजरेने पाहावे.

तिसरा पर्याय भिंग आणि चमकती कडी लावलेली तयार बाहेरची असेंब्ली. काम सोपे, जुनी काढायची आणि नवी लावायची. पण यातल्या स्वस्त मालात भिंग शोभेचे असते : कट-ऑफ पुसट, पत्रा वाकडा, फोकस करायचे स्क्रू नावापुरते. विकत घेण्याआधी भिंतीवर उजेड टाकून रेघ दिसते का ते पाहावे. दुकानदार नको म्हणाला तर तेच उत्तर समजावे.

चौथा आणि खरा हौशी मार्ग म्हणजे आपलीच हेडलाइट उघडून आत दर्जेदार प्रोजेक्टर बसवणे. अडीच इंची भिंगाचे छोटे बाय-झेनॉन किंवा बाय-एलईडी प्रोजेक्टर एच-४च्याच भोकातून मागे नट आवळून बसतात, रिफ्लेक्टर कापावा लागत नाही. तीन इंची मोठे प्रोजेक्टर, विशेषतः भंगारातल्या महागड्या गाड्यांचे, जास्त चांगली रेघ देतात, पण त्यांच्यासाठी रिफ्लेक्टर कापून आधार घडवावा लागतो. इथे एक सापळा आहे. अमेरिकेतल्या आणि बहुतेक युरोपातल्या गाडीचा प्रोजेक्टर उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी असतो, त्याची रेघ उजवीकडे वर चढते. आपल्याकडे ती थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. भिंग कितीही नावाजलेले असले तरी जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा भारतासाठी बनलेलेच घ्यावे.

पाचवा पर्याय फारसा कोणी सुचवत नाही. आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच प्रोजेक्टर दिला असेल तर तीच अस्सल असेंब्ली आणि तिचे कपलर घेणे. साचा तोच, बसण्याच्या जागा त्याच, भिंग आणि काच एकमेकांसाठीच आखलेले. जुन्या जीपसारख्या सात इंची गोल दिव्यांच्या गाड्यांनाही सोपी वाट आहे, कारण स्वतःच्या काचेसकट पूर्ण बंद असलेले एलईडी दिवे त्या मापात मिळतात. काहीच उघडावे लागत नाही.

पार्किंगमधले काम

हेडलाइट उघडणे हा या कामातला सर्वांत धाकधुकीचा टप्पा. काच आणि मागचा डबा यांच्या खाचेत सीलंट असते. ते ब्यूटाइलचे असेल तर शंभरेक अंशांच्या उष्णतेने मऊ पडते आणि पॅनेल सोडवायच्या प्लास्टिकच्या पट्टीने काच हळूहळू सुटते. पॉलियुरेथेनसारखे कायमचे सीलंट असेल तर ते तापवून सुटत नाही, कापावेच लागते आणि बहुधा कुठेतरी काचेचा कान तुटतो. परदेशी व्हिडिओंत लोक अख्खी हेडलाइट ओव्हनमध्ये ठेवतात. आपल्या घरातल्या ओटीजीत हॅचबॅकची हेडलाइट मावतच नाही, म्हणून बहुतेक काम हीट गनवर होते. हीट गनची उष्णता एका जागी साचते आणि पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांना मऊ होते, त्यामुळे हात सतत फिरता ठेवावा लागतो. त्याआधी बल्ब, रबरी बूट, पायलटचा होल्डर आणि दडलेले सगळे स्क्रू काढायला हवेत. एखादा स्क्रू विसरला तर काच ओढताना तो जाणवतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

जुन्या गाड्यांची एक वेगळी अडचण आहे. काचेवर धाऱ्या असतील तर प्रोजेक्टरने आखलेली रेघ त्या धाऱ्या पुन्हा पसरवून टाकतात. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच मॉडेलांत काचच धारीदार आहे. तिच्याऐवजी सपाट काच मिळत नसेल तर इथेच थांबावे, कारण धारीदार काचेमागचा प्रोजेक्टर म्हणजे पैसे घालून पुन्हा पसरट उजेड घेणे.

प्रोजेक्टर भोकात बसवताना तो गोल फिरू शकतो. दोन अंश तिरका राहिला तरी भिंतीवरची रेघ कलंडते, म्हणून नट पूर्ण आवळण्याआधी गाडीत तात्पुरता लावून रेघ आडवी करून घ्यावी लागते. भिंगाभोवतीची प्लास्टिकची कडी दिसायला छान असते, पण ती घट्ट चिकटली नाही तर खड्ड्यांत खडखडते. चिकटवायला कोणताही गोंद चालत नाही. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपला नेहमीचा झटपट चिकटणारा गोंद, वाळताना वाफ सोडते आणि ती आतल्या काचेवर पांढरी धुरकट साय होऊन बसते. भिंगाला बोट लावायचे नाही, रिफ्लेक्टरची चकाकी कापडाने पुसायची नाही : अ‍ॅल्युमिनियमचा तो पातळ थर पुसताना निघून येतो.

परत बंद करताना जुने ब्यूटाइल पूर्ण खरवडून नवी दोरी खाचेत एकसंध बसवायची आणि काच दाबून क्लिपा लावायच्या. मागच्या श्वासनळ्या बुजवायच्या नाहीत. दिवा तापतो-निवतो तेव्हा हवा आत-बाहेर होतेच. नळी बंद केली तर ती हवा सीलंटमधली फट शोधते आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात आत पाणी साचते.

तारा, रिले आणि भिंत

पंधरा वर्षांच्या गाडीतल्या मंद दिव्याचा दोष पुष्कळदा बल्बचा नसतोच. वायरिंग, स्विच, गंजलेले आर्थिंग यांत व्होल्टेज वाटेत गळते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडले तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेतून सरळ तार टाकली की तोच ६०/५५चा बल्ब ओळखू येत नाही. प्रोजेक्टर बसवणाऱ्यालाही ही वायरिंग लागतेच, कारण झेनॉनला वीज पुरवणारा बलास्ट सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. आणखी एक घोळ : एच-४च्या गाडीत अपर लावला की डिपर बंद होतो, पण बाय-झेनॉनला दिवा चालू ठेवून फक्त पत्रा हलवायचा असतो. शिवाय काही जपानी रचनेच्या गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह तोडतो. हे दोन्ही न तपासता जोडलेला किट अपरला विझतो किंवा पत्रा हलवतच नाही. झेनॉनची ठिणगी २० हजार व्होल्टपेक्षा जास्त असते, तेव्हा चालू दिव्याच्या तारांना हात लावू नये.

रंगाचे थोडक्यात सांगता येईल. कारखान्यातले झेनॉन बहुतेक ४३०० केल्विनचे, किंचित पिवळसर पांढरे असतात. ६०००च्या पुढे निळसर झाक वाढते, बऱ्याच बल्बांत उजेड घटतो आणि डोळ्यांना बोचणारी चकाकी वाढते. निळा दिवा जास्त प्रखर वाटतो एवढेच. पावसात आणि धुक्यात तो जास्त त्रास देतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो फोकस लावायला. सपाट जागा, टायरांत योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस, डॅशवरचा लेव्हलचा खटका शून्यावर. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखायची आणि कट-ऑफ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली आणायचा. म्हणजे एक टक्का उतार. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर ही रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता हाच दिवा फक्त एक अंशाने वर राहिला असे समजा. ६० मीटरवर रेघ जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटर उंच जाते, म्हणजे समोरून येणाऱ्या छोट्या गाडीतल्या चालकाच्या डोळ्यांजवळ. हॅलोजनच्या पसरट उजेडात एवढी चूक खपून जाते. प्रोजेक्टरची रेघ धारदार असल्याने तिच्या एका बाजूला काळोख आणि दुसऱ्या बाजूला आगीचा लोळ असतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो आणि दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला त्याला जास्त वेळ लागतो. समोरच्या गाडीत असा कोणी असेल, हे धरून स्क्रू फिरवावा.

हेच गणित मालकालाही जमिनीवर आणते. ताशी ८० किलोमीटरला दीड सेकंद भान यायला धरला आणि कोरड्या रस्त्यावर बरे ब्रेक धरले तरी गाडी थांबायला सुमारे ७४ मीटर लागतात. नीट लावलेल्या डिपरची रेघ ६५ मीटरला संपते. प्रोजेक्टर रेघेच्या अलीकडचा रस्ता स्वच्छ दाखवतो, रेघेच्या पलीकडचा नाही. ताशी ६०ला तेच अंतर ४८ मीटरवर येते. डिपरवर वेग ६०च्या आसपास ठेवला तर जे दिसते त्याच्या आत गाडी थांबते, आणि हा हिशेब कोणत्याही दिव्याने बदलत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली, त्यात सुटे भाग बसवून केलेले बदलही येतात. युरोपात २००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाच्या दिव्यांना आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुण्याची फवारणी लागते. मागच्या सीटवर चौघे बसले की गाडीचे नाक वर होते, हे खाली-वर होणाऱ्या यंत्रणेमागचे कारण. घरी बसवलेल्या झेनॉनमध्ये यातले काहीच नसते.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि एप्रिल २०२२मध्ये मोटारीसाठी त्याचे शुल्क ५००० रुपये झाले. निरीक्षकाने दिवे पाहिले आणि बदल नोंदवला तर ते पैसे आणि ती फेरी वाया जाते. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातातही हा मुद्दा येतो. रस्त्यावर निम्म्या गाड्यांत असे दिवे दिसतात, हा बचाव तिथे चालत नाही.

कोणत्या क्रमाने जावे

पहिली पायरी काच. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१८मध्ये केलेल्या चाचणीत पिवळ्या पडलेल्या काचेतून नव्या दिव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा उजेड बाहेर पडला. ८०० पासून २००० नंबरपर्यंतचा पाण्याचा पॉलिश पेपर, मग पॉलिश आणि त्यावर अतिनील किरणांना अडवणारा क्लिअर कोट, एवढ्याने यातला बराच उजेड परत मिळतो. क्लिअर कोट न लावता नुसते पॉलिश केले तर काच पुन्हा लवकर पिवळी पडते. दुसरी पायरी रिले आणि आर्थिंग. तिसरी दोन्ही बाजूंना नवे, नामांकित ६०/५५चे बल्ब. चौथी भिंतीसमोरचा फोकस. बहुतेक जुन्या गाड्यांची तक्रार या चार पायऱ्यांतच मिटते. मूळ रचनेला धक्का लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

एवढे करूनही भागले नाही तर कंपनीच्याच वरच्या व्हेरियंटची असेंब्ली पाहावी आणि बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. हेडलाइट उघडून आत प्रोजेक्टर बसवण्याचा मार्ग तंत्राच्या बाजूने पक्का आहे. नीट काच, आपल्या बाजूचे भिंग, सरळ जोडणी आणि योग्य उतार जमला तर तो कारखान्याच्या दिव्याच्या जवळ जातो. कायद्याच्या बाजूने मात्र सध्या तो मालकाने स्वतःच्या जोखमीवर घेतलेला आहे आणि समोरच्याच्या जोखमीवर तो कधीच घेऊ नये. भिंतीवरची रेघ आडवी आणि दहा सेंटिमीटर खाली आणण्याची तयारी, जागा आणि सवड नसेल, तर भिंग विकत घेण्याआधीच तो बेत सोडून द्यावा.